सोळा आणे अचूक, शंभर पैसे अंदाजे

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध थांबायला तीनच दिवस उरले होते. सौदी अरेबियातल्या धाहरान शहरात अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर इराकचे स्कड क्षेपणास्त्र येऊन आदळले आणि २८ सैनिक ठार झाले. अशी क्षेपणास्त्रे हवेतच पाडण्यासाठी तिथे पॅट्रियट ही यंत्रणा तैनात होती. ती बंद नव्हती, तिच्यावर कोणी हल्लाही केला नव्हता. तरीही स्कड अडवण्यासाठी एकही क्षेपणास्त्र सुटले नाही.

अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिस या तपासणी संस्थेने १९९२ मध्ये याचा अहवाल दिला. कारण वाचून अनेकांचा विश्वास बसला नाही. पॅट्रियटचे घड्याळ दर दशांश सेकंदाला एक अशी मोजणी करत असे. त्या मोजणीवरून सेकंद काढायचे, तर तिला एक दशांशाने म्हणजे ०.१ ने गुणावे लागे. हा ०.१ चोवीस बिटांच्या जागेत ठेवलेला होता. तो तिथे पूर्ण मावत नाही. मावला तेवढा ठेवला आणि उरलेला कापला. कापलेला तुकडा होता सुमारे ०.०००००००९५ एवढा. पण यंत्रणा सलग १०० तास चालू होती आणि १०० तासांत दशांश सेकंद होतात ३६ लाख. चिमूटभर चूक ३६ लाख वेळा साचली आणि घड्याळ सेकंदाच्या एक तृतीयांशाने चुकले. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर कापते. रडार आकाशाचा भलताच तुकडा तपासत राहिले. तिथे काही दिसले नाही, म्हणून धोका नाही असा निष्कर्ष यंत्रणेने काढला.

प्रोग्रॅममध्ये ज्या संख्या कधीच बदलत नाहीत, त्यांना स्थिरांक म्हणतात. जीएसटीचा दर, एका मिलिलिटरमधल्या औषधाची मात्रा, पाय, एक दशांश. प्रोग्रॅम तपासताना सगळ्यांचे लक्ष बदलणाऱ्या संख्यांकडे असते. स्थिरांकाकडे कोणी वळून पाहत नाही, कारण तो डोळ्यांसमोर स्पष्ट लिहिलेला असतो. त्यात काय चुकायचे? धाहरानचा धडा असा, की कागदावर लिहिलेला स्थिरांक आणि यंत्रात बसलेला स्थिरांक या दोन वेगळ्या संख्या असू शकतात. आणि तो बदल बहुतेक वेळा कोणालाही न सांगता होतो.

आधी ०.१ सारखी साधी संख्या संगणकात का मावत नाही, ते पाहायला हवे. दशमान पद्धतीत एक भागिले तीन केले, की ०.३३३ असे न संपणारे उत्तर येते. कितीही आकडे लिहिले तरी ते अपुरेच राहतात. संगणक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून मोजतो. त्याला अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश हे अपूर्णांक नेमके लिहिता येतात, कारण ते दोनने भागत गेल्यावर मिळतात. एक दशांशात मात्र पाचाचा भाग आहे. तो द्विमान पद्धतीत ०.०००११००११००११ असा चालतच राहतो. कुठेतरी कात्री लावावीच लागते.

यातली गंमत मराठी घरांतल्या आजी-आजोबांना चटकन कळेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केलेल्या पिढीचे सगळे अपूर्णांक संगणकाच्या सोयीचे होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा आणि जुना पैसा म्हणजे चौसष्टावा भाग. दोन्ही संख्या संगणकात तंतोतंत बसतात. फक्त पैची अडचण आहे, कारण ती पैशाचा तिसरा हिस्सा. १ एप्रिल १९५७ रोजी देशाने दशमान नाणी स्वीकारली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि माणसांचा हिशेब सोपा झाला. संगणकासाठी मात्र तो अवघड झाला. १ ते ९९ पैशांपैकी रुपयाच्या अपूर्णांकात संगणकाला नेमक्या लिहिता येणाऱ्या रकमा तीनच आहेत: २५, ५० आणि ७५ पैसे. म्हणजे चार आणे, आठ आणे आणि बारा आणे. बाकीच्या ९६ रकमा अंदाजे.

योगायोग असा, की त्याच १९५७ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने फोर्ट्रान ही भाषा आणि तिचा कंपायलर बाजारात आणला. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळणाऱ्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. पॅट्रियटचा प्रोग्रॅम असेंब्ली भाषेत लिहिलेला होता. तिथे यंत्राच्या अगदी जवळ जाऊन संख्या बसवण्याची जबाबदारी माणसावर होती. आज ती जवळपास सगळीकडे कंपायलरने उचलली आहे. बँकेचे ॲप असो, रुग्णालयातला मॉनिटर असो की वीजबिलाचा हिशेब, त्यातला प्रत्येक स्थिरांक कोणत्या ना कोणत्या कंपायलरच्या किंवा तसेच काम करणाऱ्या दुभाष्याच्या हातून गेलेला असतो.

कंपायलर या संख्यांचे काय करतो? प्रोग्रॅमर ०.१ लिहितो तेव्हा कंपायलरपुढे येतात ती तीन चिन्हे: शून्य, टिंब, एक. या टप्प्यावर संख्या शंभर टक्के अचूक असते. चांगले कंपायलर ही अचूकता होईल तितकी जपतात. गुगलने २००९ मध्ये जाहीर केलेल्या गो या भाषेचा नियमच आहे, की पूर्णांकी स्थिरांकांसाठी कंपायलरने आत निदान २५६ बिटांची जागा ठेवली पाहिजे. नेहमीच्या संगणकाची जागा असते ६४ बिटांची. त्यामुळे गोमध्ये ०.१ अधिक ०.२ अशी बेरीज स्थिरांकांचीच असेल, तर उत्तर ०.३ येते. तेच आकडे आधी चलात ठेवून बेरीज केली, तर उत्तर येते ०.३००००००००००००००००४. भाषा तीच, यंत्र तेच, आकडेही तेच. फरक एवढाच, की पहिली बेरीज कंपायलरने स्वतःच्या कागदावर केली आणि दुसरी यंत्राने.

अशी आकडेमोड आधीच उरकून टाकणे हे कंपायलरचे नेहमीचे काम आहे. प्रोग्रॅमरने ६० गुणिले ६० गुणिले २४ असे लिहिले, तर कंपायलर थेट ८६,४०० ठेवतो. म्हणजे दिवसाचे सेकंद प्रत्येक वेळी नव्याने काढावे लागत नाहीत. जीसीसी हा मुक्त कंपायलर २००८ पासून स्थिरांकाचे वर्गमूळ किंवा त्रिकोणमितीतली मूल्ये काढायला एमपीएफआर ही खास अचूक गणिताची व्यवस्था वापरतो. काम चोख होते, पण एक गुंतागुंतही वाढते. कंपायलरने आधी काढलेले उत्तर आणि तेच गणित प्रोग्रॅम चालू असताना यंत्राने काढलेले उत्तर यांत शेवटच्या आकड्याचा फरक पडू शकतो.

दुसरी सवय काटकसरीची. एकच स्थिरांक प्रोग्रॅममध्ये शंभर ठिकाणी आला, तरी कंपायलर तो बहुधा एकाच जागी ठेवतो आणि बाकी सगळीकडून त्या जागेकडे बोट दाखवतो. या साठ्याला स्थिरांकांचे कोठार म्हणता येईल. यात जागा वाचते आणि एक संख्या सगळीकडे सारखीच राहते. पण जुन्या काही फोर्ट्रान कंपायलरांमध्ये या कोठाराला कुलूप नव्हते. प्रोग्रॅमच्या एका भागाने दुसऱ्या भागाकडे ३ हा आकडा पाठवला, की प्रत्यक्षात कोठारातली ती जागाच त्याच्या हाती जाई. तिथे चुकून ४ लिहिले गेले, तर पुढे सगळ्या प्रोग्रॅमभर जिथे ३ लिहिले आहे तिथे ४ वापरले जाई. कागदावर तीनच, यंत्रात चार. पुढे कोठाराच्या जागेवर लिहिण्यास मनाई करून हा दोष आटोक्यात आणला गेला. जे बदलू नये ते बदलता येणार नाही अशी सोय आपोआप होत नाही, ती करावी लागते.

शेवटचा टप्पा सगळ्यात नाजूक. कंपायलरच्या आत अचूक असलेली संख्या यंत्राच्या ठरावीक आकाराच्या डब्यात उतरवायची वेळ येते. आज बहुतेक यंत्रे १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकानुसार चालतात आणि साधारण अपूर्णांकाला ६४ बिट देतात. त्यात १५ ते १७ दशमान अंकांइतकी अचूकता मिळते. ०.१ च्या नावाने जी संख्या तिथे बसते, तिच्या अठराव्या दशांश स्थळी पाच डोकावतो. म्हणजे ती एक दशांशाच्या अगदी शेजारची संख्या असते, एक दशांश नव्हे.

इथे कंपायलरांची एक विसंगती उघडी पडते. आठ बिटांच्या, म्हणजे २५५ पर्यंतच मोजता येणाऱ्या डब्यात कोणी ३०० ठेवू पाहिले, तर जीसीसी लगेच इशारा देतो. गो आणि रस्ट तर प्रोग्रॅम पुढे नेण्यासच नकार देतात. पूर्णांक मावत नसेल तर कंपायलर बोलतो. अपूर्णांक मावत नसेल तर जवळची संख्या ठेवतो आणि गप्प बसतो. याला अज्ञान म्हणता येणार नाही. एलएलव्हीएम ही कंपायलर बांधण्याची व्यवस्था स्विफ्ट आणि रस्टसारख्या भाषा वापरतात. तिच्या अंतर्गत भाषेच्या मार्गदर्शिकेत वर्षानुवर्षे असा नियम होता, की १.२५ हा स्थिरांक दशांश रूपात लिहिलेला चालेल, पण १.३ चालणार नाही, कारण तो द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. तो हवा असेल तर यंत्रात बसणारे खरे बिट स्पष्ट लिहा. म्हणजे सव्वा चालतो, एक पूर्णांक तीन दशांश चालत नाही. इतकी शिस्त कंपायलर स्वतःच्या घरात पाळतो. ज्याने तो १.३ लिहिला त्या माणसाला मात्र त्याचा पत्ता लागू देत नाही.

हे रूपांतर किती अवघड आहे ते २०११ मध्ये जगाला दिसले. २.२२५ च्या आसपासची आणि दहाच्या उणे ३०८ व्या घातातली एक विशिष्ट संख्या जावा भाषेत लिहिली, की कंपायलर तिच्या सर्वांत जवळची द्विमान संख्या शोधताना दोन उत्तरांमध्ये कायमचा हेलपाटत राही. प्रोग्रॅम तयारच होत नसे. तीच संख्या बाहेरून पाठवून जावावर चालणारा सर्व्हरही अडकवता येत होता. त्याच सुमारास पीएचपी भाषेतही असाच दोष सापडला. दोन्हीकडे दुरुस्त्या झाल्या. पण आकडे वाचणे हे काम कधीच सुटले आहे असे मानणाऱ्यांची झोप त्या एका संख्येने उडवली.

यावर अनुभवी अभियंत्यांचा आक्षेप ठरलेला असतो आणि तो खोडसाळ नाही. सतराव्या-अठराव्या स्थळाची चूक कोणाला जाचते? नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ग्रहांमधल्या प्रवासाच्या सर्वांत अचूक गणितालाही पायचे पंधरा दशांशच वापरते आणि याने तिथे निभावते. प्रत्येक ०.१ ला कंपायलर इशारा देऊ लागला, तर इशाऱ्यांचा पूर येईल आणि पुरात कोणी काही वाचत नाही. शिवाय द्विमान गणित वेगवान आहे. हवामानाच्या अंदाजापासून चित्रपटातल्या दृश्यांपर्यंत सगळे त्याच वेगावर चालते.

हे सगळे खरे आहे. पण प्रश्न चुकीच्या आकाराचा नाही, ती साचण्याचा आणि विसंगत होण्याचा आहे. संगणकात ०.१ दहा वेळा मिळवला, तर बेरीज १ होत नाही. ती होते ०.९९९९९९९९९९९९९९९९. कल्पना करा, एखादा औषधाचा पंप दर वेळी ०.१ मिलिलिटर सोडतो आणि एकूण बरोबर १ झाले की थांबायचे अशी अट त्यात लिहिली आहे. ती अट कधीच पुरी होणार नाही. सोळाव्या स्थळाच्या फरकाने पंप चालूच राहील. तसेच ४.३५ रुपयांना १०० ने गुणून पैसे काढले आणि दशांशाचा भाग टाकून दिला, तर हाती ४३५ ऐवजी ४३४ पैसे येतात. एका व्यवहारात एक पैसा कोणी विचारणार नाही. कोट्यवधी व्यवहार असतील, तर तो कोणाच्या तरी खिशातून गेलेला असतो.

संख्येला किती जागा मिळते, यावर जीव अवलंबून असल्याचे वैद्यकशास्त्राने आधीच अनुभवले आहे. थेरॅक-२५ या कॅनडात बनलेल्या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा दिला, काहींचा त्यात मृत्यू झाला. जानेवारी १९८७ मधल्या शेवटच्या दुर्घटनेचे मूळ एका आठ बिटांच्या संख्येत होते. ती शून्य नसेल तर यंत्राचे भाग जागेवर आहेत की नाहीत याची तपासणी व्हायची. ती शून्य राहू नये म्हणून प्रोग्रॅम दर फेरीला तिच्यात एक मिळवत जाई. आठ बिटांत २५५ च्या पुढे जागाच नसल्याने दर २५६ व्या फेरीला ती पुन्हा शून्य व्हायची. नेमक्या त्याच क्षणी ऑपरेटरने बटण दाबले आणि तपासणी टळली. दुरुस्ती अगदी साधी निघाली: एक मिळवत जाण्याऐवजी तिथे शून्य नसलेला एक ठरलेला आकडा ठेवायचा. म्हणजे एक स्थिरांक.

मग करायचे काय? सगळे प्रोग्रॅम बदलण्याची गरज नाही. जिथे पैसा किंवा प्राण पणाला लागले आहेत, तिथे नियम वेगळा हवा. एक, अशा प्रोग्रॅममध्ये अचूक न मावणारा स्थिरांक दिसला, की कंपायलरने तो दाखवलाच पाहिजे. त्याला ही माहिती असतेच, फक्त ती सांगण्याची सोय पाहिजे आणि या क्षेत्रांत ती सक्तीची पाहिजे. इशाऱ्यांचा पूर येण्याची भीती इथे लागू होत नाही, कारण औषधाच्या मात्रेचा प्रत्येक आकडा कोणीतरी वाचलाच पाहिजे. दोन, पैशाचा हिशेब द्विमान अपूर्णांकात करणे ही चूक मानली जावी. कोबोल भाषेत दशमान हिशेबाची सोय पहिल्यापासून होती. जावा आणि पायथनमध्ये ती आहे, २००८ मध्ये आयईईई मानकातही दशमान रूपे आली. ऑनलाइन पैसे भरण्याच्या अनेक सेवा तर रक्कम पैशांतच पूर्णांकाने मागतात. ४९९ रुपये ५० पैसे म्हणजे ४९,९५०. टिंबच नाही, मग कापायचे काय?

तीन, एक संख्या प्रोग्रॅममध्ये एकदाच, नाव देऊन आणि तिचे एकक नोंदवून लिहावी. पॅट्रियटच्या बाबतीत पुढे लक्षात आलेली गोष्ट अशी, की प्रोग्रॅम सुधारताना काही ठिकाणी वेळेचे रूपांतर अधिक अचूक करण्यात आले होते, काही ठिकाणी जुनेच राहिले होते. चूक दोन्हीकडे सारखी असती, तर दोन वेळांच्या वजाबाकीत ती बरीचशी उडून गेली असती. अर्धवट सुधारणेने ती उघडी पडली. आणि चौथी गोष्ट कंपायलरच्या हातातली नाही. रुग्णालये, बँका आणि सरकारी खाती यंत्रणा विकत घेताना किंमत विचारतात, हमी विचारतात, पडद्यावर काय दिसते ते पाहतात. आतले आकडे कोणत्या रूपात ठेवले आहेत आणि महिनाभर बंद न करता यंत्र चालवले तर चूक किती साचते, हे दोन प्रश्न निविदेत लिहायला एक ओळ पुरते.

पॅट्रियटचा दोष कोणालाच माहीत नव्हता असेही नाही. ही यंत्रणा वापरणाऱ्या इस्रायलने ११ फेब्रुवारीलाच कळवले होते, की ती सलग आठ तास चालली की निशाणा सरकतो. १६ फेब्रुवारीला सुधारित प्रोग्रॅम तयार झाला. २१ तारखेला तळांना सूचना गेली, की यंत्रणा खूप वेळ सलग चालवू नये. खूप म्हणजे किती तास, ते त्या सूचनेत लिहिलेले नव्हते. मधेच यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली असती, तर घड्याळ शून्यावर आले असते आणि साचलेली चूकही गेली असती.

सुधारित प्रोग्रॅम धाहरानला पोहोचला २६ फेब्रुवारीला. एक दिवस उशिरा.